वैरणीची पारख



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी महागाई भत्त्यावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी ‘वैरणीची पारख’ म्हणालो. ते घटकाभर गप्प राहिले. मग त्यांनी हळूच विचारले, “आपल्याकडे शहरातली मंडळी येतात, त्यांना हे कसे वाटेल?” मी म्हणालो, “ती मंडळी सकाळी चहा घेतात ना? मग हा विषय त्यांचाच आहे.”

माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा म्हणजे युनियनच्या कचेरीतील पुस्तकांचे कपाट आणि बाजार समितीच्या आवारातील हमाल मंडळी. मी पशुवैद्य नाही आणि रसायनशास्त्रज्ञही नाही. तरीही या विषयात मला शिरावे लागले, ते का, हे आधी सांगतो.

सन २०१९ चा उन्हाळा आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. सांगली-सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांत जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या. आमच्या युनियनमधील कित्येक हमालांच्या घरी एखाददुसरी गाय असते. हमाली पुरुषाची आणि गाय बाईची, असा त्या संसाराचा हिशेब. अशीच एक भगिनी एके दिवशी कचेरीत आली आणि म्हणाली, “भाऊ, पन्नास किलोची मुरघासाची पिशवी तीनशे रुपयांना घेतीया. रोज वीस किलो घालतीया, गाय सगळं खातीया. पण दूध काही वर येईना. चूक गाईची का माझी?”

त्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. हमालाला पाठीवरच्या पोत्याचे वजन बिनचूक कळते, पण आतील मालाचा कस कळत नाही. ती पिशवी तिच्या नवऱ्यानेच गाडीतून उतरवून घेतली होती. वजनाला ती बरोबर पन्नास किलो होती. मग कमी काय होते?

मी एका अनुभवी पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी मला पुस्तक दिले नाही, कढई मागवली. पिशवीच्या आतील पाचसहा ठिकाणांहून मूठमूठ मुरघास काढला, एकत्र केला, त्यातला शंभर ग्रॅम तोलून घेतला. लोखंडी कढईत अगदी मंद आचेवर, करपू न देता, हलवत हलवत तो वाळवला. थोड्या थोड्या वेळाने वजन केले. सलग दोन वेळा वजन तेच आले, तेव्हा विस्तव बंद केला. शंभर ग्रॅमचे उरले होते एकोणीस ग्रॅम. बाकीचे एक्क्याऐंशी ग्रॅम पाणी होते.

सभ्य गृहस्थहो, या विषयातील पहिला धडा हाच आहे. हिरव्या चाऱ्यात आणि मुरघासात जे पाणी असते ते गाईच्या पोटात जाते खरे, पण त्याने पोषण होत नाही. पाणी वजा जाता जो भाग राहतो त्याला शास्त्रात शुष्क अंश म्हणतात, आणि चाऱ्याचा सगळा हिशेब त्या शुष्क अंशावर करावयाचा असतो. मक्याचा मुरघास नीट वेळेवर कापून केलेला असला तर त्यात शेकडा तीस ते पस्तीस शुष्क अंश असतो. आता हिशेब पाहा. शेकडा तेहतीस धरले तर पन्नास किलोच्या पिशवीत साडेसोळा किलो खरा चारा. तीनशे रुपयांना तो पडला किलोला सुमारे अठरा रुपयांनी. आमच्या भगिनीच्या पिशवीत साडेनऊ किलोच होता. तिला तो पडला किलोला साडेएकतीस रुपयांनी. ती रोज वीस किलो घालीत होती. त्यात साडेसहा किलोंहून थोडा अधिक शुष्क चारा हवा होता, तो चार किलोही भरत नव्हता. जवळजवळ पावणेतीन किलोंची तूट! तेवढ्या चांगल्या मुरघासात चारपाच लिटर दुधाची ताकद असते. मग दूध वर येणार कोठून?

कामगार चळवळीतील माणसाला ही गोष्ट चटकन समजते. पगाराच्या पाकिटावरील आकडा वेगळा आणि त्या पगारात बाजारातून घरी येणारे धान्य वेगळे, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. पिशवीवरील वजन हा पगाराचा आकडा आहे. शुष्क अंश हे घरी येणारे धान्य आहे.

पण शुष्क अंश सारखा असला म्हणजे चारा सारखा झाला, असेही नाही. वाळलेले गव्हाचे काड आणि वाळलेला लसूणघास या दोहोंतही पाणी थोडेच. तरीही एकावर गाय हाडे मोजण्याजोगी होते आणि दुसऱ्यावर दूध देते. हा फरक कोठून येतो, हे समजण्यासाठी गाय चारा कसा पचवते ते पाहावे लागेल.

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातला सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. ते एक मोठे पिंपच आहे. त्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात. काडीतील जो भाग माणसाला पचवता येत नाही, तो हे जीव कुजवून फोडतात, आणि त्यातून निघालेल्या आम्लांवर गाय जगते. पुढे तेच जीव आतड्यात जाऊन स्वतः गाईचे प्रथिन बनतात. म्हणजे आपण गाईला खाऊ घालतो असे म्हणतो, पण प्रत्यक्षात तिच्या पोटातील या कामकऱ्यांना खाऊ घालीत असतो. त्या कामकऱ्यांना दोन गोष्टी लागतात. एक, फोडता येईल असा तंतू. आणि दुसरी, नत्र, म्हणजे प्रथिनांचा मूळ घटक. चाऱ्याच्या शुष्क अंशात प्रथिने शेकडा सातांच्या खाली गेली की या जीवांची उपासमार होते, त्यांचे काम मंदावते, काडी पोटात रेंगाळते आणि गाय खाणेच कमी करते. कडब्यात किंवा भाताच्या पेंढ्यात प्रथिने शेकडा तीनचारच असतात. मक्याच्या मुरघासात सातआठ, आणि लसूणघासात अठरा-वीसपर्यंत. म्हणून नुसत्या कडब्यावर ठेवलेली गाय पोट भरलेले असूनही उपाशी असते. तिच्या पुढ्यात थोडा लसूणघास किंवा मूठभर पेंड टाकली की तोच कडबा तिला अधिक पचू लागतो.

दुसरी गोष्ट तंतूची. कोवळ्या काडीचा तंतू मऊ असतो. पीक जून होऊ लागले की त्या तंतूवर लिग्निन नावाच्या एका कठीण द्रव्याचे लुकण चढते. ते या जीवांना फोडता येत नाही, आणि आतला तंतूही त्यात अडकून पडतो. येथे विकणाऱ्याचे हित आणि घेणाऱ्याचे हित यांची फारकत होते. पीक जून होईपर्यंत उभे ठेवले तर एकरी वजन वाढते, पण पचणारा भाग घटतो. वजनावर विकणारा उशिरा कापील. दुधावर जगणारा वेळेवर कापील. ज्वारीचा हिरवा चारा निम्मे पीक फुलोऱ्यावर आले की कापावा, मुरघासाचा मका दाणा चिकात असताना कापावा, असे जे सांगतात ते यासाठीच.

ही मापे माणसाला एका दिवसात सापडली नाहीत. जर्मनीत गॉटिंगेनजवळील वेंड येथे हेनेबर्ग आणि स्टोमान या दोघा शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास चाऱ्याचे पृथक्करण करण्याची रीत बसविली. १८८३ साली कोपनहेगनमधील एका बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत केल्डाल यांनी नत्र मोजण्याची पद्धत शोधली. त्या नत्राला सव्वासहाने गुणून प्रथिनांचा आकडा काढतात, तो आजतागायत. मात्र जुन्या रीतीत एक खोट होती. तंतू मोजताना लिग्निनचा बराच भाग विरघळून जाई आणि निकृष्ट काड कागदावर उजळ दिसे. ही खोट १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील पीटर व्हॅन सोएस्ट यांनी दूर केली. त्यांनी चारा साबणासारख्या द्रावणात उकळला. पेशीच्या आतील सहज पचणारे सगळे विरघळून गेले आणि पेशींच्या भिंती तेवढ्या मागे राहिल्या. त्या भिंतींच्या प्रमाणावरून जनावर किती खाऊ शकेल याचा अंदाज येतो. आम्लयुक्त द्रावणात पुन्हा उकळून जे उरते त्यावरून ते किती पचेल हे कळते. चारा तपासणीच्या अहवालात आज एनडीएफ आणि एडीएफ अशी जी अक्षरे असतात ती याच दोन आकड्यांची. दोन्ही आकडे जितके लहान, तितका चारा सामान्यतः सरस, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

पण कोणतेही माप डोळे मिटून मानू नये. केल्डालची रीत नत्र मोजते, प्रथिन नव्हे. त्यामुळे पेंडीत युरिया मिसळला तरी कागदावर प्रथिने वाढलेली दिसतात. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळले गेले ते नेमक्या याच पळवाटेतून, आणि त्यात सहा तान्ही मुले दगावली, लाखो आजारी पडली. माप चांगले; पण मापणाराला त्या मापाची कमजोरीही ठाऊक पाहिजे.

आता प्रयोगशाळा जवळ नसताना काय करावे? निसर्गाने आपल्याला नाक, डोळे आणि हात दिले आहेत. बाजारात कडब्याचा भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर पेंढ्यांवर ठरतो. तेव्हा पहिल्याने पेंढीचा आकार पाहावा आणि दहापाच पेंढ्या तोलून पाहाव्यात. मग एक पेंढी सोडावी. पाने शिल्लक आहेत की नुसती ताटे? ताटापेक्षा पानात प्रथिने अधिक असतात आणि पान पचतेही लवकर. पाने झडलेला कडबा म्हणजे मलई काढलेले दूध. रंग हिरवट-पिवळा असावा. काळे डाग असले तर तो पावसात भिजला आहे असे समजावे. रब्बी ज्वारीच्या कडब्याला खरिपाच्या कडब्यापेक्षा मान अधिक, त्याला एक कारण हेच की तो थंडीच्या कोरड्या हवेत पिकतो आणि वाळतो. पेंढी झटकल्यावर धूळ उडाली आणि कुबट वास आला तर ती बुरशी आहे. असला माल फुकट मिळाला तरी घेऊ नये.

मुरघासाची परीक्षा थोडी निराळी. मुरघास म्हणजे चाऱ्याचे लोणचे. हिरव्या मक्याची बारीक कुट्टी करून ती खड्ड्यात किंवा पिशवीत दाबून हवाबंद केली की आतील जीवाणू पिकातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. हेच आम्ल आपल्या दह्यातही असते. त्या आंबटपणात कुजवणारे जंतू तग धरू शकत नाहीत आणि चारा महिनोन्‌महिने टिकतो. या आंबटपणाचे महत्त्व किती, ते एका गोष्टीवरून दिसेल. फिनलंडचे विर्तानेन यांनी चाऱ्यात आम्ल घालून तो टिकविण्याची पद्धत काढली, आणि त्यांना १९४५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या पद्धतीचा खास उल्लेख आहे.

तर मुरघासाची मूठ घेऊन घट्ट दाबावी. बोटांतून रस ठिबकला तर पीक कोवळे कापले आहे, आपण पाणी विकत घेत आहोत. मूठ उघडताच सारे विस्कटून पडले तर ते फार सुकलेले आहे, नीट दाबले गेले नसेल आणि आत हवा राहिली असेल. गोळा सावकाश उलगडला तर बेताचे आहे. वास दह्यासारखा किंवा फळासारखा आंबूस यावा. कुजलेल्या लोण्यासारखा घाण वास हातालाच चिकटून राहिला तर नको ते जंतू माजले आहेत. जळक्या साखरेसारखा गोड वास आणि तपकिरी-काळा रंग असला तर चारा आत तापला होता; जनावर तो आवडीने खाईल, पण त्यातील प्रथिने करपून गेलेली असतात. पीएच मोजण्याच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात. मुरघास थोड्या स्वच्छ पाण्यात कालवून त्या पाण्यात पट्टी बुडवावी. मक्याच्या मुरघासाला आकडा चारच्या आसपास यावा. पाचाच्या वर गेला तर तो मुरलेला नाही.

आणखी एक धोका सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण येथे दुधाचा नव्हे, जिवाचा प्रश्न असतो. कोवळी, गुडघ्याएवढी ज्वारी, किंवा पावसाने ओढ दिल्यामुळे खुरटलेली ज्वारी जनावराने खाल्ली तर पोटात सायनाइडचे विष तयार होते. आपल्याकडे त्याला किराळ लागणे म्हणतात. जनावर पाहता पाहता कोसळते. तीच ज्वारी फुलोऱ्यावर आली, किंवा कापून नीट वाळवली, की विष पुष्कळ कमी होते. दुष्काळात माणूस जे हिरवे दिसेल ते कापतो, म्हणून हे दुष्काळातच अधिक ध्यानात ठेवावे. हिरवेपणा ही कसाची खूण नव्हे, एवढा बोध येथे पुरे.

आता शहरवासीयांकडे वळतो. बुरशी लागलेल्या चाऱ्यात आणि पेंडीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष उत्पन्न होते. गाय ते खाते आणि त्याचा अंश दुधात उतरतो. दूध उकळल्याने तो नाहीसा होत नाही. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभर दुधाची पाहणी केली. ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे शेकडा ५.७ नमुन्यांत, हे विष मर्यादेपेक्षा अधिक निघाले. ते दूध कोणी भेसळ करून बिघडविलेले नव्हते. ते विष चाऱ्याच्या वाटेने आले होते. ज्या पेल्यातील दूध आपले मूल पिते, त्याची परीक्षा गव्हाणीत सुरू होते. म्हणून म्हटले, हा विषय आपलाच आहे.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येतो. चूक कोणाची? गाईची नव्हती आणि तिचीही नव्हती. ती रोज सकाळी संकलन केंद्रावर दूध घालते, तेव्हा तिच्या दुधाचे काय होते पाहा. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर वर्षानुवर्षे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे प्रमाण धरून ठरत आला आहे. यंत्र क्षणात आकडा दाखवते, आणि एक दशांश घसरला तरी पैसे कापले जातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माप असलेच पाहिजे. पण तीच बाई चारा घ्यायला जाते तेव्हा माप कोठे असते? मी त्या उन्हाळ्यात पाहिलेल्या पिशव्यांवर वजन होते आणि एका गाईचे चित्र होते. शुष्क अंश किती, पीक कधी कापले, पिशवी कधी बांधली, यांपैकी एक अक्षरही नव्हते. म्हणजे विकताना ती दशांशाने मोजली जाते आणि घेताना अंदाजाने. दोन्ही व्यवहारांत नुकसान तिचेच. जो दुबळा असतो त्याच्याच मालाला माप लावायचे आणि त्याला विकलेल्या मालाला माप लावायचे नाही, ही रीत कामगारांनी गिरण्यांत पाहिली, हमालांनी काट्यावर पाहिली. आता ती गव्हाणीतही दिसते.

आम्ही त्या व्यापाऱ्याकडे मोर्चा नेला नाही. कढई आणि तराजू नेला. त्याच्यासमोर त्याचाच माल वाळवून दाखविला. तो म्हणाला, “मी तरी काय करू? मला गाडीत आले तेच मी विकतो.” ते खोटे नव्हते, त्यालाही माप ठाऊक नव्हते. पुढच्या खेपेपासून आमच्या बायकांनी मिळून एकत्र खरेदी सुरू केली, आणि प्रत्येक गाडीतील दोनतीन पिशव्या आधी फोडून, वाळवून, मग भाव शुष्क अंशावर ठरवू लागल्या. त्यांच्यापैकी निम्म्या शाळेत गेलेल्या नाहीत. पण शंभराचे किती उरले हे पाहण्यास शाळा लागत नाही.

यापुढे काय व्हावे, याविषयी माझी मागणी मोठी नाही. जेथे दुधाचे फॅट मोजण्याचे यंत्र आहे, त्या प्रत्येक केंद्रावर चारा वाळवून तोलण्याची सोय असावी. विकाऊ मुरघासाच्या प्रत्येक पिशवीवर पिकाचे नाव, बांधल्याची तारीख आणि शुष्क अंश छापलेला असावा. आणि दूध संघांनी वर्षातून दोनदा तरी आपल्या सभासदांचा चारा प्रयोगशाळेत तपासून अहवाल मराठीत, समजेल अशा शब्दांत द्यावा.

तोपर्यंत कढई आहेच. आणि शेवटची परीक्षा गाय स्वतः घेते. गव्हाणीत काय टाकून दिले ते पाहावे, शेणात अख्खे दाणे पडतात का ते पाहावे, विसाव्याला बसलेली गाय रवंथ करते का ते पाहावे. ती बोलत नाही, पण खोटेही सांगत नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या भगिनीची गाय दूध आटवून खरे तेच सांगत होती.